नावेनं जावं, गाडीनं यावं

आमच्या नेहरू नगरातल्या भेलवा तलावावर सकाळी दोन पक्ष भेटतात. एक मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत फेऱ्या मारतो, दुसरा बाकावर बसून पहिल्याची थट्टा करतो. आमचे हे कायम पहिल्या पक्षात. भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तीन पाळ्यांत आयुष्य गेलेला हा माणूस. निवृत्तीनंतरही चहाला पाच मिनिटं उशीर झाला की स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागतो. मी भूगोलाची शिक्षिका. नकाशे शिकवण्यात जन्म गेला, पण त्यातले देश पाहायचे राहून गेले होते.

सहलीची चौकशी करायला गेलो तेव्हा समोर रंगीत पत्रक आलं: सहा रात्री, तीन देश. थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. नकाशावर या तिघांच्या मधोमध चौथा देश आहे, हे मला दिसत होतं. विचारलं, "मधला लाओस का गाळला?" टेबलामागचा मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, तिथं बघण्यासारखं काही नाही. एकदम शांत देश आहे."

आमचा बेत तिथंच ठरला. तीन देशांची सहा रात्रींची सहल सोडून आम्ही एका देशासाठी पंधरा दिवस काढले. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून सीमोल्लंघन केलं आणि वसुबारसेला घरी परतलो. या लेखात त्या पंधरा दिवसांतलं थोडं आहे. जाण्याआधी आणि आल्यावर त्या देशाबद्दल जे वाचलं, त्यातलं बरंच आहे.

नकाशातला रिकामा वाटणारा देश

लाओसचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या छत्तीसगडच्या पावणेदोन पट. लोकसंख्या मात्र पाऊण कोटीच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या छत्तीसगडची अडीच कोटींवर होती. आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला हा एकमेव देश. डोंगर, जंगल, भातशेती आणि पश्चिमेच्या कडेनं वाहणारी मेकाँग. लाओ भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. 'मे' म्हणजे आई, 'नाम' म्हणजे पाणी. गोदामाई आणि नर्मदामैया म्हणणाऱ्यांना वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

भारताशी नातं जुनं आहे, पण आपल्याकडे त्याची फारशी आठवण कुणी काढत नाही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर इंडोचायनातल्या युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय आयोग नेमले गेले, त्यांचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड हे दोन सदस्य. त्याच वर्षी पंडित नेहरू लाओसला जाऊन आले. ज्यांच्या नावाच्या वसाहतीत आम्ही राहतो ते आमच्याही आधी तिथं पोचले होते, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. गंगा आणि मेकाँग खोऱ्यांतल्या सहा देशांच्या सहकार्याची सुरुवात नोव्हेंबर २००० मध्ये झाली, ती लाओसच्या राजधानीत, व्हिएंतियानमध्ये. आणि सप्टेंबर २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील लाओसच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. म्हणजे मराठी माणसाच्या पायाला ती माती अगदीच अनोळखी नाही.

'सावकाश प्रवास' हे आजकाल पाश्चात्त्य फॅशनचं नाव झालं आहे. त्याचं मूळ जेवणात आहे. १९८६ मध्ये रोमच्या जुन्या चौकात बर्गरचं दुकान निघणार म्हणून कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी विरोध केला. त्यातून सावकाश जेवणाची चळवळ उभी राहिली, मग सावकाश शहरं आली, मग सावकाश प्रवास. आपल्याला हे नवं वाटण्याचं कारण नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी अडीचशे किलोमीटरला अडीच-तीन आठवडे घेतो. इथून जवळच्या अमरकंटकहून निघणारी नर्मदा परिक्रमा परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. फरक एवढाच, की वारकरी सुट्टीवर नसतो.

नावेतले दोन दिवस

सावकाश प्रवासाची सुरुवात मात्र आम्ही धावतपळतच केली. दुर्गहून रात्रीच्या गाडीनं कोलकाता, तिथून विमानानं बँकॉक, तिथून रात्रभर बसनं उत्तर थायलंडमधलं चिआंग खोंग. २०१३ पासून इथं मेकाँगवर पूल आहे. पूल ओलांडला की लाओसमधलं हुआय साय. तिथून लुआंग प्रबांगला लाकडी नाव जाते. अंतर तीनेकशे किलोमीटर, वेळ दोन दिवस, रात्रीचा मुक्काम पाकबेंग नावाच्या उतारावरच्या गावात.

नाव लांबच लांब आणि अरुंद. बसायला जुन्या मोटारगाड्यांमधून काढलेल्या खुर्च्या, लाकडी फळ्यांवर नुसत्या ठेवलेल्या. नावाडी अगदी पुढं, इंजिन अगदी मागं, आणि इंजिनाच्या अलीकडे नावाड्याचा संसार: गॅसची शेगडी, वाळत घातलेले कपडे, झोळीतलं मूल. शहाणे प्रवासी पुढच्या खुर्च्या धरतात, कारण मागं इंजिनाचा आवाज असह्य होतो. आमचे हे मुद्दाम मागं जाऊन बसले. इंजिन बघत.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते दर अर्ध्या तासानं "किती झालं?" विचारत होते. मी नदीकडे बोट दाखवायची. मग त्यांनी विचारणं सोडलं. लाओ लोकांचे दोन शब्द आम्ही नावेतच शिकलो. 'सा सा' म्हणजे हळूहळू. 'बो पेन न्यांग' म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. पाकबेंगला उतरताना यांचा चष्मा पाण्यात पडता पडता वाचला, तेव्हा नावाड्याची बायको हसून 'बो पेन न्यांग' म्हणाली, आणि हेही हसून तेच म्हणाले. पस्तीस वर्षं "सेफ्टी फर्स्ट"च्या पाट्यांखाली काम केलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं मला फार मोलाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काठाची हिरवळ अचानक तुटते. क्रेन, खडी आणि काँक्रीटच्या भिंती दिसू लागतात. हे लुआंग प्रबांगचं धरण. गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटर वर, १,४६० मेगावॉट क्षमतेचं. गावाच्या खालच्या अंगाला सायाबुरीचं १,२८५ मेगावॉटचं धरण २०१९ पासून चालू आहेच. त्या काँक्रीटच्या जवळच, जिथं ओऊ नदी मेकाँगला मिळते तिथं, पाक ओऊच्या गुहा आहेत. चुनखडीच्या कड्यातल्या दोन गुहांत भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती आहेत. एका काठाला श्रद्धा, जवळच्याच वळणावर वीज. आम्ही छत्तीसगडचे, कोरबाच्या विजेवर दिवे लावणाऱ्यांनी दुसऱ्याच्या धरणाला नाक मुरडायचं, तर आधी स्वतःच्या घरातली बटणं मोजावीत.

कोजागिरीचे दिवे

लुआंग प्रबांगला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आश्विन पौर्णिमा होती. आपली कोजागिरी बहुतेक वर्षी लाओसमधल्या 'ओक फान्सा'च्या आसपास येते. 'फान्सा' म्हणजे वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्षू एकाच विहारात राहतात. पौर्णिमेला तो काळ संपतो. विदर्भातून भिलाईत आलेल्या बौद्ध घरांना हा शब्द मुद्दाम समजावावा लागणार नाही. आपला चातुर्मासही याच पावसाचा आहे. चिखलात प्रवास नको, कोवळ्या पिकावर पाय पडू नये, म्हणून थांबायचं.

पौर्णिमेनंतरच्या संध्याकाळी गल्लोगल्लीच्या लोकांनी बांबू आणि कागदाच्या मोठमोठ्या नावा मिरवत आणल्या. आत शेकडो पणत्या आणि मेणबत्त्या. शिएंग थोंग विहाराच्या पायऱ्यांवरून त्या नदीत सोडल्या. हा विहार राजा सेथाथिराथनं १५६० च्या सुमारास बांधला, आणि त्याच सुमारास राजधानी लुआंग प्रबांगहून व्हिएंतियानला हलवली. राजधानीपण गेल्यामुळेच की काय, गाव लहान राहिलं. १९९५ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतलं. बायका केळीच्या पानाचे छोटे द्रोण करून त्यात झेंडू, उदबत्ती आणि वात ठेवतात आणि सगळ्या वर्षाची इडापिडा त्याबरोबर सोडून देतात. मीही एक सोडला. दिवाळी पंधरवड्यावर होती. घरच्या पणत्यांआधी ही एक मेकाँगात गेली.

गावात पहाटे भिक्षूंची रांग निघते, ती आता जगभर गाजलेली आहे. अनवाणी, केशरी चीवरं, हातात भिक्षापात्र. दारात गुडघ्यांवर बसलेल्या बायका प्रत्येक पात्रात चिकट भाताचा एक घास टाकतात. आम्ही उभे होतो त्या रस्त्यावर भिक्षूंपेक्षा कॅमेरे जास्त होते. एक बाई चक्क रांगेच्या मधे जाऊन एका बाल-भिक्षूच्या तोंडासमोर फ्लॅश मारत होती. विहारांच्या बाहेर पाट्या लावलेल्या असतात: अंतर राखा, खांदे झाका, फ्लॅश नको, भिक्षूपेक्षा उंच उभे राहू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत गेलो. तिथं एका आजीनं भात टाकला, भिक्षूंनी थांबून चार ओळी म्हटल्या, आजीनं हात जोडले. मिनिटभरात सगळं संपलं. बघायला आम्ही दोघं आणि एक कुत्रा.

भाताचं बोलणं

तो चिकट भात हे लाओसचं नुसतं अन्न नव्हे, ओळख आहे. माणशी चिकट भात खाण्यात लाओ लोक जगात पहिले मानले जातात. आमच्या मुक्कामाच्या घरची मालकीण तो कसा करते ते मी तीन सकाळी बघितलं. रात्री तांदूळ भिजत घालायचा. पहाटे निथळून बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरायचा आणि अरुंद गळ्याच्या मडक्यावर टोपली ठेवायची. भात पाण्यात शिजत नाही, वाफेवर शिजतो. अर्ध्यात टोपलीला एक झटका द्यायचा, की सगळा गोळा उलटा होतो. मला तीन दिवसांत तो झटका जमला नाही. झाला की लाकडी पाटावर पसरून वाफ घालवायची, नाहीतर खाली पाणी धरून लगदा होतो. मग झाकणाच्या छोट्या टोपलीत, 'थिप खाओ'त, भरायचा. तो संध्याकाळपर्यंत मऊ राहतो. चिकटपणाचं कारण साधं आहे: या वाणांच्या पिठुळात अमायलोज जवळजवळ नसतं. भात हातानं तोडायचा, लाडूसारखा दाबायचा, चटणीत बुडवायचा. शाकाहाऱ्यांनी मात्र जपावं. चटणीत म्हशीचं कातडं असू शकतं, आणि आंबवलेल्या माशांचं 'पादेक' पपईच्या कोशिंबिरीतही असतं.

फ्रेंचांनी १८९३ मध्ये लाओस ताब्यात घेतला. त्यांच्या काळातलं एक टोमण्याचं वाक्य अजून पर्यटकांच्या तोंडी आहे: व्हिएतनामी भात लावतो, कंबोडियन तो वाढताना पाहतो आणि लाओ तो वाढताना ऐकत बसतो. आजचे प्रवासी ते कौतुकानं सांगतात. मुळात ते साहेबाचं गाऱ्हाणं होतं, की हे लोक आमच्या कामावर राबत नाहीत.

हा सूर मी ओळखते. छत्तीसगडी माणूस साधा आहे, सुस्त आहे, असं बाहेरून आलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. त्या बाहेरच्यांत आम्ही मराठीही आहोत. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी अठराव्या शतकात रतनपूरला येऊन बसले. नोकरीसाठी आलेले आम्ही शेवटच्या खेपेतले. आता दोन आकडे शेजारी ठेवा. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात या पट्ट्यातून भाताचे हजारो देशी वाण गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज तेवीस हजारांहून जास्त नमुने जपलेले आहेत. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९९५ ते २००० या काळात लाओसमधून तेरा हजारांवर नमुने गोळा केले. त्या संस्थेच्या बीजपेढीत भारताच्या खालोखाल वाटा या छोट्या देशाचा आहे. उंच डोंगरावरचा वाण वेगळा, पाणथळीतला वेगळा, लवकर येणारा वेगळा, पूजेचा वेगळा. हे सगळं निवडून, वेगळं राखून, पुढच्या वर्षी पुन्हा पेरणारे हात आळशी कसे असतील? भात वाढताना खरंच कुणी ऐकत असेल, तर त्याला पुष्कळ काही ऐकू येत असणार.

चमचा

लुआंग प्रबांगहून फोनसावानला जायला छोट्या गाडीनं अख्खा दिवस लागतो. रस्ता सगळा वळणांचा. घाटात मला आपल्याकडची पाटी आठवत राहिली: अति घाई, संकटात नेई. सहा रात्रींच्या सहलीत हे गाव कधीच येणार नाही. पण लाओस कळायचा असेल तर इथं यावं.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेनं या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या झाल्या. उघड युद्ध व्हिएतनाममध्ये चालू होतं. इथलं युद्ध गुपचूप होतं. लोकसंख्येच्या मानानं पाहिलं तर जगात सर्वाधिक बॉम्ब पडलेला देश हाच. त्यात क्लस्टर बॉम्बमधल्या चेंडूएवढ्या गोळ्या सत्तावीस कोटी. त्यांतल्या तीस टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत. लाओ लोक त्यांना 'बोम्बी' म्हणतात. शेत नांगरताना, चूल पेटवताना, खेळताना त्या अजून फुटतात. युद्ध संपल्यापासून वीस हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार ऑगस्ट २०१० मध्ये लागू झाला आणि सदस्य देशांची पहिली बैठक व्हिएंतियानलाच भरली. त्या करारावर अमेरिकेची सही नाही. भारताचीही नाही.

फोनसावानच्या बाहेर माळावर हजारो वर्षांपूर्वीचे दगडी रांजण विखुरलेले आहेत. २०१९ मध्ये त्यांना जागतिक वारशात स्थान मिळालं. रांजणांमधून चालताना पायाखालच्या विटा बघायच्या. एक बाजू पांढरी, एक लाल. पांढऱ्या बाजूला जमीन साफ केलेली आहे. लाल बाजूला जायचं नाही. माणसाला हळू चालायला लावणारी याहून कडक सूचना मी पाहिली नाही.

जवळच्या नाफिया गावात युद्धाच्या भंगारातून चमचे करतात. एका घराच्या मागं मातीची भट्टी होती, आपल्या चुलीएवढी. विमानांच्या आणि दारूगोळ्याच्या अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तिच्यात वितळत होते. बाईनं लांब दांड्याच्या पळीनं पातळ धातू लाकडाच्या आणि राखेच्या साच्यात ओतला, थोडी थांबली, साचा उघडला, चमचा चिमट्यानं बाजूला ठेवला. आमचे हे उकिडवे बसून बघत होते. धमन भट्ट्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसानं एवढी लहान भट्टी कधी पाहिली नव्हती. "अगं, अ‍ॅल्युमिनियम सहाशे साठ डिग्रीला वितळतं," ते हळूच म्हणाले, "हिच्याकडे तापमापी नाही. नुसत्या रंगावरून ओळखते." आम्ही चार चमचे घेतले. एक आता आमच्या साखरेच्या डब्यात आहे. वजन जवळजवळ नाहीच.

आगगाडी

परतीला फोनसावानहून वांग व्हिएंगला आलो आणि तिथून आगगाडी धरली. स्टेशनला लाओ भाषेत 'सथानी' म्हणतात; संस्कृत 'स्थान' सहज ओळखू येतं. ही गाडी ३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाली. चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून व्हिएंतियानपर्यंत सुमारे ४१४ किलोमीटर, ७५ बोगदे, १६७ पूल, ताशी १६० किलोमीटर वेग. जवळजवळ अर्धी वाट बोगद्यांत. लुआंग प्रबांग ते व्हिएंतियान बसनं पूर्वी आठ-दहा तास लागत, आता दोन.

यांनी फलाटावरून रुळांकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "स्टँडर्ड गेज. १,४३५ मिलिमीटर. आपल्यापेक्षा २४१ नं कमी." भिलाईत १९६० पासून रूळ निघतात; आता १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, आणि तसे दोन जोडून २६० मीटरचे तुकडे देशभर जातात. त्यामुळे आमच्या घरात आगगाडीविरुद्ध बोलण्याची सोय नाही.

पण जगभरचे सावकाशप्रेमी या गाडीवर नाराज आहेत. म्हणतात, लाओसचा लाओसपणा गेला. मला आमच्या मुक्कामाच्या घरची मुलगी आठवली. ती व्हिएंतियानला शिकते. आधी नव्या वर्षाला, एप्रिलमध्ये, एकदाच घरी यायची. आता दर महिन्याला येते, आईच्या हातचा भात खाऊन रविवारी परत जाते. तिच्या आजीनं आजारी मुलाला मेकाँगच्या नावेतून नेलं होतं. दोन दिवस. त्या दोन दिवसांत आजीला मजा आली असेल का? आम्ही तोच प्रवास तिकीट काढून केला आणि त्याला निवांत म्हणालो. नदी तीच. फरक एवढाच, की दुसरी वाट आम्हाला होती, आजीला नव्हती.

म्हणून देश हळू राहावा अशी इच्छा मी धरणार नाही. पण गाडीचं बिलही वाचलं पाहिजे. खर्च सुमारे सहा अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास एक तृतीयांश. लाओसच्या वाट्याचा बराचसा हिस्सा चिनी कर्जातून आला. परकीय कर्जाचं ओझं, किप या तिथल्या चलनाची घसरण आणि महागाई हे पाठोपाठ आलं. २०२३ च्या सुरुवातीला महागाईचा दर चाळीस टक्क्यांवर गेला होता. आज एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप मिळतात आणि आपल्याला सगळं स्वस्त वाटतं. ती स्वस्ताई त्यांच्या खिशातून आलेली आहे. मुक्काम लांबवावा, लोकांच्या घरी उतरावं, विणलेलं कापड विणणारीकडूनच घ्यावं, असं सावकाश प्रवासाचे जाणकार सांगतात, त्यामागचं खरं कारण हे आहे. पैसा त्या घरात राहतो.

लाओसमधली ही पहिली आगगाडी नव्हे, हेही सांगायला हवं. दक्षिणेत, खोनच्या धबधब्यांना वळसा घालायला फ्रेंचांनी १८९३ पासून डोन खोन बेटावर छोटे रूळ टाकले. पुढं ते शेजारच्या डोन देत बेटापर्यंत नेले. सगळी मिळून सातेक किलोमीटरची ही लाईन १९४० च्या दशकात बंद पडली. गंजलेलं इंजिन अजून तिथं उभं आहे म्हणतात. आमच्याकडच्या रायपूर–धमतरी छोट्या लाईनचीच बहीण. त्याच बाजूला चंपासकजवळ वाट फूचं शिवस्थान आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशी ते आहे, त्याचा सुळका शिवलिंगासारखा दिसतो आणि जुनं नाव लिंगपर्वत. पाचव्या शतकातल्या देवानीक राजाच्या संस्कृत शिलालेखात त्यानं तिथं कुरुक्षेत्र नावाचं महातीर्थ स्थापल्याचं लिहिलं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं तिथल्या पडझडीच्या दुरुस्तीचं काम हाती घेतलेलं आहे. पंधरा दिवसांत ही दक्षिण आम्हाला जमली नाही. हळू गेलं की काहीतरी राहतंच.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारांवर शेतीसाठी राब जाळतात. धुरानं डोळे चुरचुरतात, समोरचा डोंगर दिसत नाही. भारतीयांना व्हिसा आधी इंटरनेटवरून काढता येतो. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. जुलै २०२४ पासून व्हिएंतियान ते बँकॉक थेट रात्रीची गाडी आहे. आम्ही तिनंच परतलो. गुडघे दुखत असतील तर नावेच्या धक्क्यांवरच्या चढ-उताराची तयारी ठेवा. कुठल्याही आडवाटेवर, कितीही मोह झाला तरी, वापरातली पायवाट सोडू नका.

आणि एक विनंती. लुआंग प्रबांगच्या वरचं धरण या दशकाच्या अखेरीला पूर्ण होईल, असा अंदाज आहे. ओऊ नदीवर सात धरणं झाल्यावर लुआंग प्रबांगहून उत्तरेला जाणाऱ्या नावा तुटल्याच. मेकाँगच्या नावा धरणाच्या जलपाशातून पुढंही कदाचित जातील, पण ती आजची नदी नसेल. म्हणून जायचं असेल तर लवकर जा. जाताना नावेचे दोन दिवस राखून ठेवा, घड्याळ पिशवीत टाका. येताना मात्र आगगाडीनं या, आणि डब्यात शेजारी बसलेल्या मुलीला विचारा, ती पूर्वी घरी किती वेळा जायची.

आमचे हे अजून भेलवा तलावावर पावलं मोजतात. पण तिसऱ्या फेरीनंतर दहा मिनिटं बाकावर बसतात. साखरेच्या डब्यातला चमचा कोणी विचारला, तर पोलादाच्या माणसानं सांगावं तसं सांगतात: अ‍ॅल्युमिनियम, साच्यात ओतलेला, भट्टी मातीची.

चमच्याचं वजन काल मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून बघितलं. तेवीस ग्रॅम.